पावसाळ्यात तरी हार्डवेअर डिकोडिंग बंद ठेवून बघा

म्हापशाच्या एका दादांनी इथं विचारलंय, की जुन्या लॅपटॉपवर यूएसबी ट्यूनरने (डिशचा सिग्नल लॅपटॉपवर घेणारं छोटं यंत्र) फ्री डिश बघताना चित्र गोठतं, आणि वरच्या उत्तरांत सगळ्यांनी ‘हार्डवेअर डिकोडिंग चालू ठेवा’, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपला द्या, असंच सांगितलंय. मला ते सरसकट पटत नाही. फ्री डिशवरचे बरेच चॅनल एमपेग-२ या जुन्या, साध्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये, चित्रात ५७६च ओळी असलेले. तेवढं काम दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही आरामात करतो. त्यात आपल्याकडे धो धो पाऊस लागला की डिशवर येणारा केयू बँडचा (उपग्रहाच्या लहरींचा एक पट्टा) सिग्नल तुटतो, डेटा अर्धवट येतो. सॉफ्टवेअर डिकोडर, म्हणजे प्रोसेसरवर चालणारा, असा खराब भाग कसाबसा झाकून पुढे सरकतो. ग्राफिक्स चिपचा डिकोडर पुष्कळदा हिरवे चौकोन दाखवत तिथंच अडकतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट-कोडेक्सखाली हार्डवेअर डिकोडिंगचा पर्याय ‘डिसेबल’ करा. डीइंटरलेसिंगला (एकाआड एक ओळींनी येणारं चित्र सलग करणं) ‘याडिफ २एक्स’ ही पद्धत लावा, म्हणजे फुटबॉल बघताना धावत्या खेळाडूच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसायचे बंद होतील.

एचईव्हीसी या नव्या, जास्त दाबलेल्या व्हिडिओ फॉरमॅटची गोष्ट मात्र वेगळी, तिथं हार्डवेअर डिकोडिंगच हवं. १० बिट (रंगांच्या जास्त छटांचं) एचईव्हीसी उलगडायचं काम इंटेलच्या ७व्या पिढीच्या प्रोसेसरपासून पूर्णपणे ग्राफिक्स चिपमध्ये आलं. त्याआधीच्या मशीनवर असं फोर-के लावलं की प्रोसेसर धापा टाकतो. व्हिडिओ चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली (ग्राफिक्स चिप) ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख बघा. तो शून्यावर असेल तर सगळा भार प्रोसेसरवरच पडतोय.