अटारी 2600 ची कार्ट्रिज: न उघडता साफ कशी करावी, डेटा कसा काढावा?

नोंदवही: संग्रहात अटारी 2600 या जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलची, अटारीचीच छाप असलेली एक कार्ट्रिज (कन्सोलच्या खाचेत बसणारी गेमची डबी) आली आहे. संपर्कपट्ट्या काळपट आहेत, लेबलचा एक कोपरा सुटलाय. रॉममधला (गेम साठवलेल्या चिपमधला) डेटाही जपायचा आहे. खोलून साफ करावी का? प्रदर्शनात चालू ठेवता येईल का?

पितळीपिन: अजिबात खोलू नका. अटारीच्या कार्ट्रिजचा स्क्रू लेबलखाली असतो. तिथवर पोचायला लेबल सोलावं किंवा भोसकावं लागतं, आणि आवृत्ती ओळखायला लेबलच लागतं. पट्ट्यांपुढे स्प्रिंगची झडप असते, ती कन्सोलच्या खाचेत गेल्यावर मागे सरकते. ती हळूच मागे धरून साफ करा: 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारा स्वॅब, पट्टीच्या लांबीच्या दिशेने. दोन्ही बाजूंना 12-12 पट्ट्या आहेत. स्वॅब काळा झाला की बदला, नाहीतर मळ पुढच्या पट्टीवर जातो. खोडरबर आणि धातूचं पॉलिश वर्ज्य, मुलामा खरवडतो. अल्कोहोल लेबलला लागू देऊ नका, शाई उतरू शकते.

बाइटमोजणी: पूर्ण वाळल्यावरच रीडरला (रॉम वाचून संगणकावर फाइल करणाऱ्या उपकरणाला) लावा. कन्सोलच्या 6507 प्रोसेसरला कार्ट्रिजसाठी 4096 बाइट एवढीच खिडकी मिळते. मोठे गेम बँका, म्हणजे रॉमचे तुकडे, बदलून चालतात, म्हणून रीडरला बँका बदलण्याची योग्य पद्धत सांगावी लागते. एकदा वाचा, काढून पुन्हा लावा, पुन्हा वाचा. दोन्ही फाइलींचा एसएचए-256 हॅश (मजकुरावरून काढलेला फाइलचा ठसा) जुळला तरच नोंद करा. सगळीकडे एकच बाइट आला तर आधी संपर्क तपासा, लगेच रॉम मेली असं धरू नका.

नोंदवही: हॅश जुळले. पण 4096 बाइटांच्या फाइलचे दोन्ही अर्धे तंतोतंत सारखे आहेत. वाचन बिघडलं का?

बाइटमोजणी: नाही. ती 2 केबीची रॉम आहे. वरची अॅड्रेस लाइन (रॉममधली जागा निवडणारी तार) चिपला जोडलेलीच नसते, त्यामुळे तोच मजकूर पुन्हा दिसतो. 1977 मध्ये कन्सोलसोबत मिळणारा ‘कॉम्बॅट’ही 2 केबीचाच. 2048 बाइटांची फाइल ठेवा, मूळ वाचनही सोबत राहू द्या.

पितळीपिन: प्रदर्शनात मूळ वस्तू काचेआड, खेळायला एम्युलेटर (कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर). दर वेळी लावता-काढताना पट्ट्या घासतात. लेबलवर प्रकाश 50 लक्सपर्यंत. सुटलेला कोपरा चिकटवू नका, फोटो काढून नोंदवा. पीव्हीसीचं पाकीट टाळा, त्यातला प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) बाहेर येऊन पृष्ठभाग चिकट करतो. आम्लमुक्त पेटी, 40 ते 50 टक्के आर्द्रता.