फलकावर पहिलं नाव कोणाचं? मालगुजारांचं की जमीन वाहणाऱ्यांचं?

धुऱ्यावरून
भंडारा जिल्ह्यातलं आमचं धानाचं गाव. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाच्या इतिहासाचा फलक लागणार आहे. मसुद्याची पहिलीच ओळ अशी: "मालगुजार घराण्याने हे गाव वसवले व तलाव बांधला." माझा या ओळीला विरोध आहे.

गाव मालगुजारीच्या आधीचं आहे. भोसल्यांच्या राज्यात पाटील गावचा सारा गोळा करून भरायचा, जमीन त्याच्या मालकीची नव्हती. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. पुढे १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी सारा भरणाऱ्यालाच गावाची मालकी लिहून दिली, तोच मालगुजार. पिढ्यान्‌पिढ्या जमीन वाहणारे, म्हणजे कसणारे लोक आपल्याच बांधीत, धानाच्या वावरात, कूळ झाले. आजी सांगायची, पाऊस लागला की आधी मालगुजारांचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तोही वेठीला, मग आपला. तोवर आमचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडायचे. ती बांधीत वाकून रोवायची आणि नजर शेजारच्या आपल्या कोरड्या बांधीवर असायची. आमच्या घराचं नाव मालक म्हणून कागदावर आलं ते मालगुजारी गेल्यावर. फलकाची सुरुवात या लोकांपासून व्हावी.

वाड्यातला
भाऊ, वेठ होती. ते मी नाकारत नाही, आणि त्याची लाजही वाटते. पण तलावाचं काय? पाळ फुटायची वेळ आली की माझे आजोबा रात्रभर कंदील घेऊन पाळीवर उभे असत, गडीमाणसं सोबत घेऊन. पाणी कोणाच्या बांधीत किती वेळ जाईल, याचा निवाडा वाड्यावर व्हायचा आणि गाव तो मानायचं. १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले, माजी मालगुजारी तलाव म्हणून 'मामा तलाव' हे नाव पडलं. तेव्हापासून आपल्या तलावातला गाळ किती वेळा निघाला, तुम्हीच सांगा. आज तलावाच्या पोटात बेशरमाची झुडपं माजली आहेत आणि काठाने धान लावणारे आपल्याच गावचे आहेत. सांभाळणाऱ्याचं नाव पुसायचं असेल तर पुसा, पण मग तलाव कोण सांभाळणार तेही फलकावर लिहा.

निवृत्त पटवारी
दोघांच्याही बोलण्यात थोडी दुरुस्ती. सगळेच कूळ झाले नव्हते. त्याच बंदोबस्तात काही जुन्या वाहणाऱ्यांना 'मालिक मकबुजा' म्हणून स्वतःच्या तुकड्याची मालकी मिळाली होती. मालगुजारी संपवणारा कायदा १९५० चा, अंमल ३१ मार्च १९५१ पासून. पण त्याने मालगुजार भूमिहीन झाला नाही. सीर आणि खुदकाश्त, म्हणजे घरखेती, त्याच्याकडेच राहिली आणि बऱ्याच गावांत सगळ्यात चांगली जमीन तीच होती. त्यानंतर विदर्भासाठी १९५८ चा कूळकायदा आला, १९६१ चा सीलिंगचा, म्हणजे कमाल जमीनधारणेचा कायदा आला. नोकरीत मी जुन्या फेरफार, म्हणजे जमिनीच्या नावबदलाच्या, नोंदी पुष्कळ वाचल्या. सीलिंगच्या सुमारास एका घरातली जमीन एकाएकी चुलत, मावस, जावई अशा सगळ्यांच्या नावावर गेलेली दिसते. पेरणी मात्र एकाच बैलजोडीची. म्हणून म्हणतो, फलक लिहायच्या आधी मिसल, अधिकार अभिलेख आणि फेरफार हे जमिनीचे जुने कागद पाहा.

वर्धेपलीकडचा
आमच्या वऱ्हाडात मालगुजार नव्हताच बाप्पा. १८५३ ले निजामानं वऱ्हाड इंग्रजाईले देल्लं, तिथं रयतवारी. कास्तकार आपल्या नावानं सारा भरे. तरी वावरं गेलीच ना! अमेरिकेत लढाई चालू होती तवा कापसाचा भाव चढला, मंग पडला, अन् सावकाराच्या वहीत आंगठे उठत गेले. आमच्या आज्यानं गहाण टाकलेलं वावर आमाले कधी पाहाले भेटलं नाही. मालगुजारावर सारं खापर फोडू नका. कागद ज्याच्या हातात, वावर त्याचं.

धुऱ्यावरून
पटवारी काका, कागदाचं तुमचं म्हणणं मला पटतं, पण त्यानेच माझा मुद्दा पक्का होतो. झाडीपट्टीतले, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातले कितीतरी तलाव गोंड राजांच्या काळापासूनचे, कोहळी समाजाच्या हातचे. ज्यांनी माती वाहिली त्यांची नोंद नाही, सारा भरणाऱ्याची आहे. फलकही तोच कागद परत लिहिणार असेल तर तो लावूच नये. वाड्यातले दादा, आजोबा पाळीवर उभे राहिले याची ओळ मी स्वतः लिहीन. "वसवले" आणि "बांधला" हे दोन शब्द तेवढे मला मान्य नाहीत.

रोवण्याची बाई
तुम्ही सगळे आजा-पणजाचं बोलता. रोवणा आम्ही केला, निंदण आम्ही केलं. २००५ पासून मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. माझ्या भावाने मला तहसीलला नेलं, चहा पाजला आणि हक्कसोडीवर सही घेतली. मीही केली, माहेर तुटू नये म्हणून. नवा मालक कोण झाला ते सातबारावर दिसतं, कोणाचं नाव गेलं ते कोणी वाचत नाही. फलकावर बायकांची एक तरी ओळ हवी, आणि ती "मातांचे योगदान" अशी नको. काय काम केलं ते लिहा.

वाड्यातला
ताई, तुमची ओळ आलीच पाहिजे, त्यावर माझा वाद नाही. आमच्या घरीही आत्यांच्या सह्या अशाच झाल्या आहेत. पण धुऱ्यावरचे भाऊ, "बांधला" हा शब्द मी सोडणार नाही. खर्च वाड्याने केला, हे मी लहानपणापासून ऐकत आलो.

धुऱ्यावरून
ऐकलेलं मीही सांगतो आहे दादा. तुमच्याकडे जुन्या वसुलीची वही असेल तर ग्रामसभेला आणा. खर्च असेल तर त्यात दिसेल, आणि कुळांची नावंही असतील. मी उतरवून घेतो.

वाड्यातला
आहे. लाल कापडात बांधलेली, कडा वाळवीने खाल्ल्यात, मधली पानं वाचता येतात. आणतो. पण वही माझ्याच हातात राहील, आणि वाचायची तर सगळ्यांसमोर, पहिल्या पानापासून.