‘नाडी’ की ‘ठोके’? बीपी वाढलेल्या गर्भवतीच्या पत्रकासाठी

भाषांतरकार: सोलापूर शहर आणि अक्कलकोट भागात वाटायचं पत्रक आहे. ‘मॅटर्नल हार्ट रेट’ला मसुद्यात ‘मातृहृदयगती’ लिहिलंय. ते जड वाटतं. ‘आईचे ठोके’ चालेल का?

परिचारिका: ठोके नको. प्रसूतिकक्षात ‘ठोके ऐकले का?’ असं विचारलं की ते बाळाचेच. आईची नाडी, बाळाचे ठोके ही वाटणी मोडू नका. ती मोडली की जीवावर बेततं. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६०. कळांमध्ये आईची नाडीही १२०वर जाते. डॉपलर (ठोके ऐकवणारं छोटं यंत्र) पोटावर जरा सरकला की आईच्या रक्तवाहिनीचा आवाज येतो आणि तोच बाळाचा म्हणून लिहिला जातो. म्हणून एक हात डॉपलरवर, दुसऱ्या हाताची बोटं आईच्या मनगटावर. दोन्ही एका तालात पडले तर तुम्ही आईलाच ऐकताय. जोर लावताना दर कळेला आकडा चढत असेल तरी शंका घ्या, जागा बदलून बाळ पुन्हा शोधा.

स्त्रीरोगतज्ज्ञ: सिस्टरांशी सहमत. शिवाय ‘नाडी’ तेलुगूत आणि कन्नडमध्येही याच अर्थानं आहे. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी बाई असो की अक्कलकोटकडची कन्नड, हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मोजायची रीतही पत्रकात द्या: पाच मिनिटं शांत बसवून, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं (अंगठा नाही, त्याची स्वतःची नाडी लागते), पूर्ण ६० सेकंद.

भाषांतरकार: आणि ‘हार्ट रेट व्हेरिएबिलिटी’? मसुद्यात ‘अनियमित नाडी’ आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ: ते काढाच. अनियमित नाडी म्हणजे ताल बिघडलेला, तिथे ईसीजी लागतो. हा प्रकार उलटा आहे. नाडी ७५ असेल तर दोन ठोक्यांत सरासरी ८०० मिलिसेकंद. पण एक अंतर ८२०, पुढचं ७८०. श्वास घेताना कमी, सोडताना जास्त. असा फरक असणं चांगलं. ‘नाडीच्या ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार’ म्हणा. लांब आहे, पण खरं आहे. यावरून वाढलेल्या बीपीचं निदान मात्र होत नाही. निदानाला बीपीच लागतं: २० आठवड्यांनंतर, चार तासांच्या अंतरानं दोनदा १४०/९० किंवा वर.

भाषांतरकार: ‘जलद नाडी’ कितीपासून लिहू?

स्त्रीरोगतज्ज्ञ: शेवटच्या तिमाहीत नाडी एरवीपेक्षा १० ते २०नं वाढतेच, त्यामुळे ९० पाहून घाबरवू नका. विश्रांतीतही १००च्या वर टिकली तर कारण शोधायचं: ताप, रक्त कमी, रक्तस्राव, थायरॉइड. बीपीचं औषधही विसरू नका. निफेडिपिननं रक्तवाहिन्या सैल पडतात आणि नाडी पळते. लॅबेटालॉलनं ती उतरते, म्हणून नाडी ६०च्या खाली असेल किंवा दमा असेल तर ते देत नाहीत. आकड्याशेजारी औषध आणि वेळ नसेल तर तो आकडा निम्माच.

‘शॉक इंडेक्स’चं भाषांतर करू नका, कृती लिहा: बाळंतपणानंतर नाडी भागिले वरचं बीपी. ०.९च्या वर गेलं की रक्तस्रावाचा धोका. पण बीपीच्या पेशंटमध्ये हा भागाकार फसवतो. नाडी ११०, वरचं बीपी १५०, उत्तर ०.७३. कागदावर ठीक, आणि खाली रक्त चालू असू शकतं. तिथे चढत्या नाडीवर आणि पॅडवरच्या रक्तावर विश्वास.

परिचारिका: दोन शब्द राहिले. ‘झटका’ लिहू नका, लोकांना हार्ट अटॅक वाटतो; ‘आकडी’ किंवा ‘फिट’ लिहा. आणि बायका ‘धडधडतंय’ कमी म्हणतात, ‘घाबरं होतंय’ म्हणतात. त्यात धडधड, दम लागणं, चक्कर, भीती सगळं येतं. म्हणून आशाताईंसाठी पुढचा प्रश्न छापा: ‘छातीत उडतंय, की श्वास पुरत नाही?’ श्वास पुरत नसेल, आडवं झाल्यावर वाढत असेल, तर फुप्फुसात पाणी असू शकतं. नाडी आणि बीपी तिथेच मोजायचं आणि गाडी बोलवायची.

भाषांतरकार: ओळ अशी केली: ‘आईची नाडी मनगटावर, बाळाचे ठोके पोटावर, दोन्ही एकाच वेळी मोजा, वेगळे लिहा.’