क्वेरी तपासताना दरवेळी कॅशे क्लिअर करायची का?

पर्वरीकर: आमच्या वेर्ण्याच्या ऑफिसात दंडकच आहे. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर क्वेरी, म्हणजे डेटा मागणारी आज्ञा, तपासायची तर आधी डीबीसीसी ड्रॉपक्लीनबफर्स (मेमरीतला डेटा, म्हणजे कॅशे, पुसणारी कमांड), मग डीबीसीसी फ्रीप्रॉककॅश (साठवलेले प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालवायची याचे आराखडे, पुसणारी), आणि मग वेळ मोजायची. माझा याला ठाम विरोध आहे. कळंगुटच्या हॉटेलांचं बुकिंग डिसेंबरात दिवसरात्र चालतं, खोल्यांचं टेबल मेमरीतून हलतच नाही. मग कॅशे पुसून आपण डिस्क मोजतो, क्वेरी नाही. सेट स्टॅटिस्टिक्स आयओ लावा आणि लॉजिकल रीड्स बघा, म्हणजे क्वेरीने मेमरीतून डेटाची किती पेजेस वाचली तो आकडा. प्लॅन तोच असेल तर कॅशे भरलेली असो वा रिकामी, त्या आकड्याला फरक पडत नाही. इंडेक्स (डेटा पटकन शोधायची सूची) घातल्यावर तो उतरला, तरच काम झालं.

फोंडेकरीण: डिसेंबरचं ठीक, जूनचं काय? पावसात लाईट गेली, यूपीएस संपला, सर्व्हर परत चालू झाला की बफर पूल, म्हणजे डेटाची मेमरीतली कॅशे, कोरा. सकाळी पतसंस्थेच्या काउंटरवर रांग, आणि पहिलं खातं उघडता उघडत नाही. त्या खातेदाराला लॉजिकल रीड्स सांगायचे? महिनाअखेरचे रिपोर्टही जुना डेटा मागतात, तो मेमरीत कुठून असणार? कोल्ड टेस्ट, म्हणजे रिकाम्या कॅशेवरची चाचणी, हवीच. आणि ड्रॉपक्लीनबफर्सआधी चेकपॉइंट (बदललेली पेजेस डिस्कवर लिहायची कमांड) देता ना? ड्रॉपक्लीनबफर्स फक्त क्लीन पेजेस काढते. बदललेली, डिस्कवर न लिहिलेली पेजेस तशीच राहतात.

पर्वरीकर: चेकपॉइंट देतो. महिनाअखेरच्या रिपोर्टचंही पटलं. पण रोज हजारदा चालणाऱ्या क्वेरीला हा नियम कशाला? त्यात चालू सर्व्हरवर फ्रीप्रॉककॅश म्हणजे सगळ्यांचेच प्लॅन नव्याने कंपाइल, सीपीयू वर जाणार. एकाच क्वेरीचा प्लॅन काढायचा तर फ्रीप्रॉककॅशला त्याचं हँडल, म्हणजे त्या प्लॅनची ओळखखूण, देता येतं.

म्हापशेकर: पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांनी आणखी सांभाळा. सर्व्हिस रीस्टार्ट केली की शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेसची स्वतःची कॅशे, जातात, पण लिनक्सची पेज कॅशे तशीच राहते. प्लॅन दाखवणाऱ्या एक्सप्लेन कमांडमध्ये 'रीड' दिसलं म्हणून ते डिस्कवरूनच आलं असं नाही. मायएसक्यूएल तर 5.7 पासून रीतसर बंद करताना बफर पूलमधल्या काही पेजेसची यादी ठेवतो आणि चालू होताना ती परत भरतो. रीस्टार्ट केलं म्हणजे कोल्ड, हे डोक्यातून काढा.

फोंडेकरीण: म्हणूनच म्हणते, कोल्ड टेस्ट नीट करा, सोडू नका. पहिल्या रनची वेळ वेगळी लिहा, सरासरीत मिसळू नका. लाईट गेल्यावर गिऱ्हाईक त्याच पहिल्या रनला ताटकळतं.

पर्वरीकर: वेगळी लिहायला माझी ना नाही. पण इंडेक्स ठेवायचा की काढायचा, हे मी त्या आकड्यावरून ठरवणार नाही.