लडाखला पाठीवर सगळं घेऊन जायचंय, मल्टीफ्युएल स्टोव्ह घ्यावा की गॅसच बरा?

रानभूल_नाशिक
नमस्कार मंडळी, जरा अडलंय म्हणून विचारतो. ऑगस्टच्या शेवटी आम्ही तिघं (मी, मित्र आणि माझी बहीण) लडाखमध्ये रुम्त्से गाव ते त्सो मोरीरी तळं असं चालायचं ठरवतोय. घोडा नाही, आचारी नाही, सगळं पाठीवर, आठ दिवस धरलेत. वाटेत चांगपा लोकांचे (तिथले भटके मेंढपाळ) तंबू लागले तर लागले, नाहीतर दुकान वगैरे काही नाही आणि झाडोरा नाही म्हणजे चुलीचा विषयच संपला. आतापर्यंत आमची धाव सह्याद्रीतच, तिथे तो छत्रीसारखा उघडणारा छोटा गॅस नेतो आणि कंटाळा आला की खालच्या गावात पिठलं-भाकरी. आता कोणी म्हणतं पाच हजार मीटरवर गॅस चालतच नाही, पेट्रोल-रॉकेलवर चालणारा घे, कोणी म्हणतं उगाच पैसे घालवू नको. बाहेरचे ब्रँड बघितले तर किंमत बघून पोटात गोळा आला. वापरलेल्या लोकांनी सांगा, यूट्यूबवाल्यांचं ऐकून झालंय.

पितळी_स्टोव्ह
रानभूल, माझं वय ६३, त्यामुळे मत आधीच सांगतो, रॉकेल. तुम्ही ज्याला मल्टीफ्युएल म्हणता ना ती आमच्या आईच्या पितळी स्टोव्हचीच नात आहे. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ मध्ये काढलेलं तंत्र, टाकीत पंपाने हवा भरायची, तेल तापलेल्या नळीतून वर चढताना त्याची वाफ होते आणि ती वाफ बारीक भोकातून सुटून निळी जळते. १९५३ ला एव्हरेस्टवर याच जातीचे स्टोव्ह होते. आता फक्त टाकीची बाटली झालीय आणि मधे लवचिक नळी आलीय.
पण एक समजून घ्या, नळी आधी तापलीच पाहिजे. घरी आई स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा बर्नरला लावायची, तो विझत आला की दोन-तीन पंप, भर्रर्र आवाज आला की झालं. घाई केली की पिवळी ज्योत फूटभर वर आणि पातेल्याच्या बुडाला काजळी. नवीन स्टोव्हलाही हेच. रॉकेलवर चालवणार असाल तर स्पिरिटची छोटी बाटली न्या, नुसत्या रॉकेलने तापवायला गेलात तर धूर करत बसाल. पिन मारायची सवय आजच्या मुलांना नाही, नव्यात आत सुई असते, हलवलं की भोक साफ होतं, एवढी सोय मात्र चांगली केलीय.

उणे_दहा
काकांचा मान राखून, "उंचीवर गॅस चालत नाही" हे अर्धवट आहे. गॅसचा शत्रू थंडी, उंची नाही. उलट वर हवेचा दाब कमी असतो त्यामुळे डब्यातला गॅस खालच्यापेक्षा थोड्या जास्त थंडीतही बाहेर येतो. प्रश्न डब्यात काय आहे याचा. साधा ब्यूटेन समुद्रसपाटीला उणे अर्ध्या अंशालाच उकळतो, म्हणजे पहाटे डबा गार पडला की ज्योत मेलीच समजा. आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२. म्हणून डब्यावर आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रण लिहिलेलं बघून घ्यायचं. ते बाजारातले लांबट अगरबत्तीच्या पुड्यासारखे दिसणारे डबे बहुतेक ब्यूटेनचे असतात, ते तिकडे नकोत. रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, हसू नका, काम करतं.
आता वजन. तुम्ही खरंच स्वयंपाक करणार म्हटलं तर माणशी दिवसाला ४०-४५ ग्रॅम गॅस धरा, तिघांचे आठ दिवस म्हणजे हजार ग्रॅमच्या थोडं वर. २३० ग्रॅमवाले पाच डबे, रिकाम्या डब्याचं वजन धरून दोन किलोच्या आत. स्टोव्ह शंभर ग्रॅमचा. तेच लिक्विडचं, म्हणजे पेट्रोल-रॉकेलचं, माणशी १०० मिली धरलं तरी अडीच लिटर, म्हणजे दोन किलो, वर तीन बाटल्या, पंप आणि स्टोव्ह मिळून आणखी एक किलो. ऑगस्टमध्ये वाहतं पाणी मिळतं, बर्फ वितळवायचा नाहीये, मग एवढं कशाला ओढायचं? हिवाळ्यात बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तेव्हा लिक्विडला पर्याय नाही हे मान्य.

ताई_झांस्करवाली
उणे_दहाचा हिशोब बरोबर आहे पण कागदावरचा. मी दोन्ही वापरलंय म्हणून लिहितेय, लांबलं तर माफ करा.
पहिलं म्हणजे विमान. गॅसचा डबा, रॉकेल, पेट्रोल काहीच नेता येत नाही, आणि वापरलेला लिक्विड स्टोव्ह असेल तर नुसत्या वासावरून बॅगेतून काढून ठेवतात, माझा मुंबईला ठेवला होता. साबणाने तीनदा धुऊन आठवडाभर उन्हात ठेवला तरी रॉकेलचा वास जात नाही बघा. आणि आगगाडीने जातो म्हणाल तर तिथेही बंदीच आहे, २०२३ मध्ये मदुराईला उभ्या रेल्वेडब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरने आग लागून माणसं गेली, तेव्हा तो विचार सोडाच. गॅसचे डबे लेहच्या बाजारात मिळतात, पोचल्या दिवशीच घेऊन टाका, नाहीतरी दोन दिवस तिथे हवा अंगी लावायला थांबायचंच आहे.
दुसरं, "मल्टी" या शब्दाला भुलू नका. बऱ्याच स्टोव्हमध्ये इंधन बदललं की जेट (इंधन सुटतं तो बारीक भोकाचा तुकडा) बदलावा लागतो, प्रायमस कंपनीच्या ओम्निफ्युएलला गॅससाठी ०.४५ मिमी, पेट्रोलला ०.३७ आणि रॉकेल-डिझेलला ०.२८. हा सुईच्या टोकाएवढ्या भोकाचा तुकडा वाऱ्यात गारठलेल्या बोटांनी बदलून बघा एकदा. ऑप्टिमस पोलॅरिसला एकच जेट सगळ्याला चालतो, ते सुख आहे. एमएसआरचा ड्रॅगनफ्लाय मंद आचेवर छान चालतो पण आवाज असा की शेजारच्या तंबूतले शिव्या घालतील. त्यांचाच एक्सजीके बर्फ वितळवायला राक्षस, खिचडी करायला नाही.
पेट्रोल पंपावरचं घेणार असाल तर आता सगळीकडे इथेनॉल मिसळलेलं ई२० आहे, आतल्या रबरी रिंगा नीट बघा आणि दोन जास्तीच्या ठेवा. रॉकेल कपड्यातून गाळून घ्या. इकडे रेशनचं निळं रॉकेल जवळपास बंदच झालंय त्यामुळे घरी सराव कशावर करणार हाही प्रश्नच.
आणि माझी फजिती. चौथ्या दिवशी पंपाची प्लास्टिकची मान तडकली, कंपनीचं नाव घेत नाही, बाटलीतून पेट्रोल माझ्या हातमोज्यावर. जवळ ज्योत नव्हती म्हणून आज लिहितेय. त्या दिवसापासून तीन दिवस आम्ही थंड पाण्यात कालवून सातूचं पीठ खाल्लं. एकच स्टोव्ह नेऊ नका, कुठलाही असो.

चहाबाज
मी सरळ चहा बंद करून टाकेन पण पेट्रोलला हात लावणार नाही. हात जोडून.

रानभूल_नाशिक
बापरे, एवढं सगळं. ताई, काका, उणे_दहा, मनापासून आभार. गॅसचंच ठरतंय बहुतेक. पण कुकर न्यावा का? बहीण म्हणते वरणभाताशिवाय ती चालणार नाही.

उणे_दहा
तीनशे मीटरला उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. ४८०० मीटरवर पाणी ८४ अंशाला उकळायला लागतं, तूरडाळ तिथे रात्रभर ठेवली तरी दाणा दाणा राहील आणि गॅस संपेल तो वेगळाच. कुकर न्यायचा तर दीड-दोन लिटरचा ॲल्युमिनियमचा, नाहीतर पोहे, शेवया, भाजलेला रवा. सातूचं पीठ तर तिकडच्या त्सांपाचा भाऊच, त्यांचं जवाचं.
आणि डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हला वाऱ्यासाठी पत्रा लावताना पूर्ण वेढू नका, डबा तापतो. नळीवाला गॅस स्टोव्ह घेतला तर पत्रा बिनधास्त लावता येतो आणि काही मॉडेलमध्ये थंडीत डबा उलटा करून द्रव गॅस सोडता येतो, मॉडेल त्यासाठीच बनलेलं आहे ना ते बघून घ्या. मी असतो तर तोच घेतला असता.

पितळी_स्टोव्ह
तंबूत पेटवू नका बरं, थंडी कितीही वाजो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रॉकेलला निदान असतो.

रानभूल_नाशिक
अपडेट: नळीवाला गॅस घेतला, शिवाय जुना छत्रीवाला बरोबर. दोन लिटरचा कुकर बहिणीच्या पाठीवर, तिचाच हट्ट म्हणून. काल गच्चीवर ट्रायल घेतली, डबा उलटा केल्यावर आधी ज्योत भसकन पिवळी झाली आणि खालच्या मजल्यावरच्या आजी ओरडल्या, "कोण रे, फटाके का?" लिटरभर पाण्याला पाच मिनिटं लागली, पंखा लावून आठ. आता कुकरची शिट्टी नाही सापडत.