चालणं चालू, काटा जागेवर

बी-304: रोज बागेत अर्धा तास फेऱ्या मारूनही वजन हलत नसेल तर चुकतं कुठे?

ए-102: ताई, 70 किलोच्या माणसाने ताशी 5 किमी वेगाने अर्धा तास चाललं तर साधारण 120 कॅलरी जळतात. त्यातल्या 35 नुसतं बसूनही जळल्याच असत्या. हाती उरल्या 85. घरी येऊन चहासोबत मूठभर फरसाण खाल्लं की दीडशे!

सी-501: पण चतुर्थीचा उपवास असतो ना?

ए-102: काकू, उपवासात काय खातो ते बघा. 75 ग्रॅम साबुदाणा 265, 25 ग्रॅम दाण्याचं कूट 140, दोन चमचे तूप 80. खिचडीची एक बशी झाली 485. वर पुन्हा दही-साखर.

डी-203: तेलाबद्दल कोणीच बोलत नाही. चौघांना महिन्याला 5 लिटरचा कॅन लागत असेल तर माणशी रोज 41 मिली, म्हणजे 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. 3 लिटरवर आणा, 205 होतील. माणशी 135 वाचल्या, एक फेरी न मारता. एक तारखेला 3 लिटर वेगळं काढा, आणि फोडणी चमच्याने मोजून. कॅनमधून थेट कढईत ओतलं की संपलंच.

बी-304: मग जेवणच निम्मं केलं तर?

ए-102: नको. चरबीसोबत स्नायूही जातात, आणि संध्याकाळी वडापाव समोर आला की सगळं मुसळ केरात. 1 किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. रोज 400-500 ची तूट पुरे, आठवड्याला अर्धा किलोच्या आतबाहेर. एक पोळी कमी, वरण घट्ट, उसळ वाटीभर.

ई-404: चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग. गुडघे कुरकुरत असतील तर पार्किंगचा रॅम्प टाळा. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता 10 उठबशा, तीन वेळा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये, साखर उतरते. खिशात ग्लुकोज ठेवा, डॉक्टरांना विचारा.

सी-501: क्लबहाऊसचा काटा रोज वेगळंच दाखवतो.

ए-102: तो मॅटवर ठेवलाय, फरशीवर ठेवा. आणि आठवड्यातून एकदाच, सकाळी चहाच्या आधी. पापड-लोणचं जास्त झालं की दुसऱ्या दिवशी दिसतं ते पाणी. त्यापेक्षा शिवणाच्या टेपने कंबर मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. पुरुष 90 सेंटीमीटरच्या आत, बायका 80 च्या. पोट आत ओढायचं नाही!