क्लोझापीन हे औषध चालू असूनही भावाला आवाज ऐकू येतात. चुंबकीय उपचाराने फरक पडेल का?

सागरवेळ, गुहागर
धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया होऊन अकरा वर्षे झाली. देवळात गाऱ्हाणी घालून झाली, दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊन झाली आणि आठ महिन्यांपासून क्लोझापीन चालू आहे. तरीही शिव्या देणारे आवाज त्याला दिवसभर ऐकू येतात. मुंबईच्या डॉक्टरांनी आरटीएमएस, म्हणजे चुंबकाने मेंदूला उत्तेजन देण्याचा उपचार सुचवला आहे. त्यासाठी चार आठवडे तिथे राहावे लागेल. ऐन आंब्याच्या हंगामात एवढा खर्च करावा का?

कातळकडा
आवाजांसाठी हा उपचार करताना डाव्या कानाच्या वर-मागे, जिथे मेंदू बोलणे ओळखतो त्या भागावर, सेकंदाला एक अशा मंद गतीने चुंबकीय स्पंदने देतात आणि तिथली जादा हालचाल शांत करण्याचा प्रयत्न करतात. भूल लागत नाही. टकटक आवाज होतो, थोडे डोके दुखते. मात्र काही अभ्यासांत आवाज कमी झाले, तर काहींत तुलनेसाठी केलेल्या खोट्या (नुसत्या दिखाव्याच्या) उपचारापेक्षा फरक दिसला नाही. अमेरिकेत 2008 साली याला मान्यता मिळाली ती नैराश्यासाठी, स्किझोफ्रेनियासाठी नव्हे. क्लोझापीनमुळे आकडी (फिट) येण्याची शक्यता वाढते, म्हणून औषधाची मात्रा तिथे आवर्जून सांगा.

सुरूबन
माझ्या मते आधी रक्तातील क्लोझापीनची पातळी तपासून घ्यावी. भाऊ विड्या ओढतो का? तंबाखूच्या धुराने यकृत हे औषध लवकर संपवते, त्यामुळे गोळ्या नियमित घेऊनही पातळी अपुरी राहू शकते.

पातळी पुरेशी असूनही आवाज थांबत नसतील, तर विद्युत उपचाराबद्दलही विचारा. ‘शॉक’ म्हटले की आपल्याकडे चित्रपटातले दृश्य डोळ्यांपुढे येते, पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो देण्यास मनाई केली आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 39 रुग्णांच्या अभ्यासात क्लोझापीनला या उपचाराची जोड दिलेल्यांपैकी निम्म्यांना चांगला गुण आला, नुसत्या क्लोझापीनवर असलेल्यांपैकी एकालाही नाही. अभ्यास लहान आहे आणि काही काळ विसराळूपणा येऊ शकतो, हेही खरे. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय तुम्हाला मुंबईपेक्षा जवळ आहे. दुसरे मत तिथे घेता येईल.

सागरवेळ, गुहागर
दिवसाला विड्यांची दोन बंडले संपतात. हे आम्हाला आजवर कोणी विचारले नव्हते.

सुरूबन
मग त्याला एकदम सोडायला लावू नका. तीच मात्रा चालू राहिली तर पातळी अचानक चढेल. डॉक्टरांना सांगूनच काय ते करा.